फजरची फुले, मगरिबची फुले

दुधीचा वेल गच्चीवरच्या मांडवावर चढला, पाने तळहाताहून मोठी झाली, पांढरी फुले आली आणि काही फुलांमागे बोटाएवढे कोवळे दुधीही दिसू लागले. घरात सगळ्यांना आनंद झाला. चार-पाच दिवसांत ते कोवळे दुधी पिवळे पडले, टोकाकडून सुकले आणि गळाले. पुन्हा आले, पुन्हा गळाले. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही असे अठरा दुधी मोजले. वेल हिरवागार, फळ एकही नाही.

शेजारच्या खाला म्हणाल्या, नजर लागली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खत कमी पडत असेल असे सांगितले, म्हणून आम्ही लेंडीखत घातले. वेल आणखी माजला, दुधी गळतच राहिले. आमचा स्वतःचा संशय वेगळा होता. समोरच्या इमारतीच्या छज्जाखाली मधमाश्यांचे मोठे पोळे होते, ते त्याच पावसाळ्याच्या तोंडावर धूर करून काढून टाकले होते. माश्याच नाहीत तर फळ धरणार कसे? हे निदान अर्धे बरोबर निघाले आणि अर्धे चूक. त्या अर्ध्या चुकीपायी आमच्या घरचे एक बियाणे कायमचे संपले असते.

बी अम्मींचे. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० नंतर ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. अम्मींच्या माहेरची भातशेती त्यातच गेली. पुढे घर बदलले आणि परसही गेले. त्या परसातल्या दुधीचे बी मात्र अम्मींनी राखून ठेवले. पनवेलच्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगणात त्या दरवर्षी एक-दोन वेल लावत. आखूड मानेचा, खाली गोल, फिकट हिरवा दुधी. बाजारात लांब, सरळ दुधी मिळतो, तसा नव्हे. सुकटीत घातला तरी विरघळून जात नसे. मग ते घरही पाडून इमारत झाली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो आणि बी राखेसकट हॉर्लिक्सच्या काचेच्या बाटलीत, फडताळात जाऊन बसले.

बाटली उघडली २०२१ साली, तेव्हा आत अकरा बिया होत्या. पाच पेरल्या. दोन उगवल्या आणि जुलैच्या पावसात मुळाशी कुजल्या. २०२२ च्या मिरगाला उरलेल्या सहा पेरल्या. दुधीच्या बीचे कवच जाड असते आणि बी जुने झाले की उगवण कमी होते, म्हणून कडा नेलकटरने किंचित कापून चोवीस तास पाण्यात भिजवल्या. चार उगवल्या. अठरा दुधी गळाले ते या चार वेलांचे. बाटलीत आता फक्त राख होती.

लॉकडाउनमधली सुरुवात

बागेची सुरुवात अर्थात दुधीने झाली नव्हती. २०२० चा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला, तेव्हा सगळे बंद होते. मे महिन्यात वाशीच्या बाजार समितीचे मार्केटही काही दिवस बंद ठेवावे लागले. इफ्तारच्या चटणीला पुदिना मिळेना, कोथिंबिरीची जुडी दिसेना. घरातल्या मुलीने वाटाण्याच्या ट्रेमध्ये धणे चोळून टाकले. ईदच्या आत हाताएवढी नाही, पण बोटाएवढी कोथिंबीर आली. तिथून चटक लागली. तेलाचे पंधरा किलोचे डबे, रंगाच्या बादल्या, मासळीवाल्यांकडचे थर्माकोलचे खोके, जे मिळेल त्याला भोके पाडून माती भरली.

सोसायटीत कुरबुर झाली आणि ती रास्त होती. ओल्या मातीचे वजन आपल्या कल्पनेपेक्षा जास्त असते. एक चौरस मीटर जागेवर फूटभर ओली माती म्हणजे साडेचारशे ते पाचशे किलो. ती गच्चीच्या मधोमध रचणे शहाणपणाचे नाही. जड ड्रम भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवर ठेवावेत, खाली विटा द्याव्यात म्हणजे पाणी साचत नाही, आणि स्लॅबवर थेट माती तर कधीच पसरू नये. इमारत जुनी असेल तर आधी जाणकार इंजिनिअरला दाखवावे. आम्ही सर्वांच्या सह्या घेऊन एक कोपरा मागितला. दर पावसाळ्यापूर्वी डबे हलवून स्लॅब दाखवायचा, या अटीवर तो मिळाला.

मातीच्या मिश्रणाची एक चूक मात्र आमची स्वतःची. पुस्तकी कृतीत एक भाग माती, एक भाग खत, एक भाग नारळाचा भुसा असा हिशोब असतो. पुण्याला किंवा नगरला तो चालत असेल. पनवेलला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या पावसात नारळाचा भुसा स्पंजासारखा पाणी धरून बसतो आणि मुळे गुदमरतात. २०२१ चे दोन्ही दुधी त्यातच गेले. आता आम्ही पावसाळ्यासाठी दोन भाग तांबडी माती, एक भाग मुरलेले खत आणि एक भाग जाड वाळू व विटांचा चुरा घेतो. भुसा वापरतो तो मार्चनंतर.

खताचा स्रोत बकरी ईदचा. कुर्बानीचा बकरा काही दिवस आधी घरी येतो, त्याच्या लेंड्या गोणीत भरून ठेवायच्या, ओलसर राखायच्या आणि दोन-तीन महिने मुरू द्यायच्या. ताज्या लेंड्या झाडाला घालू नयेत, मुळे भाजतात. यावर घरात एक प्रश्न निघाला. आपण कोकणातले बहुतेक लोक शाफई मसलकाचे, आणि त्यात जनावराची विष्ठा नजिस मानतात. मग त्यावरची भाजी? आलिमांकडून समजले ते असे की खतावर वाढलेले पीक पाकच असते, फक्त भाजीला प्रत्यक्ष लागलेली घाण धुवायला हवी. म्हणून गच्चीवर कामाला जाताना आम्ही जुना शर्ट चढवतो आणि नमाजचे कपडे वेगळे ठेवतो. हे सांगण्याचे कारण पुढे येईलच, कारण आमच्या बागेतली महत्त्वाची कामे नेमकी नमाजच्या वेळेला येऊन भिडतात.

कळले कसे

त्या ऑगस्टमध्ये एकदा मगरिबच्या सुमारास आभाळ भरून आले, म्हणून दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर गेलो. पाहतो तो दुधीच्या मांडवावर पांढरी फुले पूर्ण उघडलेली. ही फुले आम्ही तोवर उघडलेली पाहिलीच नव्हती. आमची फेरी सकाळी सातची, शाळेला निघण्याआधीची. तेव्हा ती मिटलेली, मऊ पडलेली असायची आणि आम्ही समजायचो की कळ्या आहेत. सातवीच्या वर्गात फुलाचे भाग फळ्यावर काढून शिकवणाऱ्यांची ही गत.

दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. असर उलटून गेली की उघडू लागते, मगरिबला पूर्ण फुलते आणि सकाळी कोमेजते. त्या वेळी मधमाश्या पोळ्यावर परतलेल्या असतात. या फुलांवर येतात ते तिन्हीसांजेचे आणि रात्रीचे पतंग. तिसऱ्या मजल्यावरच्या, चारी बाजूंनी दिवे असलेल्या आमच्या गच्चीवर ते क्वचितच दिसले. म्हणजे परागकण पोचत नव्हते हे आमचे म्हणणे खरे, पण काढून टाकलेल्या पोळ्याचा या वेलाशी फारसा संबंध नव्हता. पोळे राहिले असते तरी हे अठरा दुधी गळालेच असते.

दुधीवर नर फूल आणि मादी फूल वेगवेगळे येते, हे पुस्तकात आम्ही शिकवतो. ओळखायला अगदी सोपे आहे. नर फुलाचा देठ लांब, बारीक, सरळ. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो, त्यावर बारीक लव असते. तो इवलासा दुधी पाहून फळ धरले असे वाटते, तिथेच फसगत होते. ते फळ नव्हे, फळाची जागा. नर फुलाचे पराग मादी फुलावर पडले नाहीत तर तो चार दिवसांत पिवळा पडतो. सुरुवातीचे आठ-दहा दिवस वेलावर नुसती नर फुले येतात, त्याचीही काळजी करू नये.

त्या संध्याकाळी तीन मादी फुले उघडी होती. नर फूल तोडले, पाकळ्या मागे वळवल्या आणि मधला परागांचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवला. पाऊस सुरू झाला. भिजलेले पराग कामाचे नसतात, म्हणून एकाने छत्री धरली आणि दुसऱ्याने काम केले; मग फुलांवर कागदी पिशव्या आणि वर प्लास्टिक. खाली अजान झाली होती. तिघांतला एक दुधी गळाला, दोन धरले. चौथ्या दिवशी ते पिवळे पडण्याऐवजी खाली झुकले आणि जाड होऊ लागले. अम्मींना वर आणून दाखवले. त्या म्हणाल्या, "गावाला आम्ही काही करत नव्हतो रे, आपोआप धरायचे." खरे आहे. गावाला अंधार होता, झाडी होती, पतंग होते.

खजुराचा प्रसंग

हाताने परागीभवन म्हणजे निसर्गात ढवळाढवळ, असे आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी सुचवून पाहिले. अल्लाहने द्यायचे तर देईल, हे काय ब्रश घेऊन. त्यांना आम्ही सहीह मुस्लिममधला प्रसंग सांगितला. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेला आले तेव्हा तिथले लोक खजुराच्या झाडांना हाताने परागीभवन करत असत. खजुरात नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. नराचा मोहोर आणून मादीच्या मोहोरावर झटकावा लागतो. याने काही उपयोग होत असेल असे वाटत नाही, अशा आशयाचे प्रेषितांनी (स.) म्हटले आणि लोकांनी ते करणे सोडले. त्या वर्षी खजूर नीट धरला नाही. हे कळल्यावर प्रेषितांनी (स.) आपले मत मागे घेतले. दीनची आज्ञा ती आपल्याकडून घ्यावी, पण दुनियेच्या अशा कामांतले त्यांनाच अधिक कळते, असे त्यांनी समजावले. ही गोष्ट मदरशात आणि वाजमध्ये आम्ही कितीदा ऐकली असेल. त्यातला मोहोर झटकणारा माणूस आमच्या डोळ्यांपुढे आला तो त्या संध्याकाळी.

दुधीचे तर आपल्याकडे वेगळेच नाते आहे. हजरत यूनुस (अलै.) माशाच्या पोटातून किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांच्यावर अल्लाहने जो वेल उगवला, त्याला कुरआनात ‘यक्तीन’ म्हटले आहे आणि अनेक भाष्यकारांनी त्याचा अर्थ दुधी असा केला आहे. हजरत अनस (रजि.) सांगतात की एका शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवायला बोलावले, जवाची भाकरी आणि दुधी व सुक्या मांसाचा रस्सा होता. प्रेषित (स.) भांड्याच्या कडेने दुधीच्या फोडी शोधून खात होते, तेव्हापासून अनस (रजि.) यांनाही दुधी आवडू लागला. उर्दूच्या वर्गात हा धडा आला की एक घोटाळा होतो. पुस्तकात ‘कद्दू’ लिहिलेले असते आणि पनवेलची मुले लाल भोपळा समजतात. तो दुधी हे सांगितले की वर्गातली निम्मी मुले नाक मुरडतात. अनस (रजि.) यांचा किस्सा त्यांच्यासाठीच आहे असे आम्हाला वाटते.

मग आम्ही एकेका वेलाकडे घड्याळ घेऊन पाहू लागलो. दुधी, पडवळ आणि दोडके ही मगरिबची फुले. काकडी, कारले, घोसाळे आणि लाल भोपळा ही फजरची. फजरची नमाज झाल्यावर चहा होईपर्यंत गच्चीवर जावे, भोपळ्याची मोठी पिवळी फुले तेव्हा ताजी असतात. दहा-अकरापर्यंत मिटून जातात. मधमाश्यांचे पोळे गेल्याचा खरा फटका या सकाळच्या वेलांना बसला होता, ते नंतर ध्यानात आले. आता कुंड्यांमध्ये तुळस, झेंडू आणि बडीशेप लावतो, माश्या थोड्या तरी येतात. वेलाला सहा-सात पाने आली की शेंडा खुडतो. बाजूच्या फांद्यांवर मादी फुले जास्त येतात. आणि दुधीसारख्या वेलाला चाळीस-पन्नास लिटरपेक्षा लहान भांडे देत नाही. एका भांड्यात एकच वेल.

एक गोष्ट मात्र जपून करावी. घरचे बी धरताना शेजारच्या किंवा रानटी कडू वेलाचे पराग मिसळले तर पुढच्या पिढीचा दुधी कडू निघू शकतो. कडू दुधीतली द्रव्ये विषारी असतात. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावली आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही असा रस पिऊ नये असे बजावले आहे. दुधी चिरल्यावर लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकावा आणि आख्खा दुधी टाकून द्यावा. शिजवून कडूपणा जात नाही. काकडी, दोडके यांनाही हेच लागू.

पुढचे महिने

मिरगापासून दसऱ्यापर्यंतचा काळ वेलांचा. पडवळाच्या टोकाला अम्मी लहान दगड बांधायला लावतात, म्हणजे ते वाकडे होत नाही. भेंडीही जूनमध्ये लावतो, पण तिच्यावर केवडा रोग येतो: पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. तो पांढरी माशी पसरवते आणि एकदा आला की औषध नाही, झाड उपटायचे. परभणी क्रांती, अर्का अनामिका ही वाणे त्याला तोंड देण्यासाठीच काढलेली आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कोकण तारा कारले आणि कोकण श्वेता पडवळ आपल्या पावसाला सोसतात. मेथी-पालक मात्र जुलैत लावू नयेत, कुजतात. त्या महिन्यांत बाजारात आदिवासी बायका टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोली घेऊन बसतात आणि जूनच्या सुरुवातीला शेवळ. ज्याची वाट वर्षभर पाहावी ते आपण कशाला पिकवायचे? शेवळ खिम्यात घालताना काकडाची फळे किंवा चिंच विसरू नये, नाहीतर घशाला खाज.

ऋषिपंचमीला खालच्या काकू मागणी घेऊन येतात. त्यांच्याकडे त्या दिवशी बैलाच्या मेहनतीचे काही खात नाहीत, परसातलीच भाजी लागते. आमच्या गच्चीवर बैल चढलेला नाही याची त्यांना खात्री आहे. अळू, पडवळ, भेंडी, एक कणीस असे त्यांच्याकडे जाते आणि संध्याकाळी वाटीभर भाजी वर येते.

ऑक्टोबरचे ऊन गेले की पालेभाज्या. मेथी तीन-चार आठवड्यांत कापायला येते. लाल माठ, मुळा, पालक, वांगी, टोमॅटो, मिरची. पनवेलची थंडी बेताची, फ्लॉवरचा गड्डा धरत नाही म्हणून आम्ही तो नाद सोडला. वालाचे एक-दोन वेल असतात, पण तो खरा भाताच्या शेतातला, भात कापल्यावर मातीत उरलेल्या ओलीवर येणारा. गच्चीवरच्या मूठभर शेंगांत पोपटी होत नाही. जानेवारीत मडक्याला भांबुर्डा लावून, शेंगा, अंडी, मसाल्याचे चिकन भरून ते उलटे पेटवायचे तर शेंगा विकतच आणाव्या लागतात.

उन्हाळ्यात सगळे पाण्यावर येऊन ठेपते. पनवेल शहराला देहरंगच्या धरणातून पाणी येते. उन्हाळ्यात ते खाली जाते आणि पाणी दिवसाआड होते. अशा वेळी कुंड्यांना नळी लावणे बरे दिसत नाही. आम्ही घरात बादली ठेवून मोजले. नळ सोडून केलेल्या एका वुजूला चार-पाच लिटर पाणी वाहून जाते. प्रेषित (स.) एका मुदमध्ये वुजू करत, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. आम्हाला पाऊण लिटर अजून जमलेले नाही, तांब्याने दीड लिटरवर आलो आहोत. तेच पाणी खाली टबात धरतो. त्यात साबण नसतो, ते पाकच असते, फक्त पुन्हा वुजूला चालत नाही. पाच माणसे, पाच वेळा. उन्हाळी गवार, चवळी आणि माठ त्यावर निघतो. मांडवावर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी आणि बुंध्याशी सुकी पाने टाकली की एक वेळचे पाणी पुरते.

आमच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरे टांगलेली असतात, एक इस्लामी महिन्यांचे आणि एक नक्षत्रांचे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, मिरग मात्र जागचा हलत नाही. २०१६ मध्ये तर रमजानचा पहिला रोजा आणि मिरग एकाच वेळी, ७ जूनला आले होते. तेव्हा इफ्तारला घरचे काहीच नसते. आता रमजान थंडीकडे चालला आहे. २०३० मध्ये एकाच इंग्रजी वर्षात तो दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या आरंभी आणि डिसेंबरच्या अखेरीस. म्हणजे येणारी काही वर्षे मेथी, पुदिना, कोथिंबीर, मुळा आणि टोमॅटो अशा ऐन भरातल्या भाज्या इफ्तारला घरच्या असतील. शाबान लागायच्या आधी पंधरा दिवस पुदिन्याच्या काड्या खोचायच्या, एवढे लक्षात ठेवले आहे.

त्या चार वेलांचे

२०२२ च्या त्या ऑगस्ट-सप्टेंबरात आम्ही एकंदर अकरा फुलांना हाताने पराग लावले. सात दुधी धरले. बी शुद्ध राहावे म्हणून यातल्या तीन फुलांच्या बाबतीत आदल्या दुपारीच नर आणि मादी कळ्यांना दोऱ्याने बांधून ठेवले होते आणि काम झाल्यावर पुन्हा बांधले, म्हणजे बाहेरचा पराग शिरू नये. हे तीन दुधी काढायचे नाहीत असे ठरले. बाकीच्या चारांतला एक उंदरांनी कुरतडला. तीन शिजले: एक सुकटीत, एक गोश्तमध्ये, आणि एक शेजारच्या खालांकडे गेला. नजरेबद्दल त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

बियांसाठी ठेवलेले दुधी पाहत बसणे सोपे नव्हते. ते भाजीजोगे झाले, त्याहून मोठे झाले, आणि घरातले प्रत्येक माणूस येता-जाता म्हणत होते की एक तरी काढा. अम्मी हटल्या नाहीत. त्यांचे म्हणणे, देठ वाळून काथ्यासारखा झाला पाहिजे आणि दुधी हलवला की आत बी वाजले पाहिजे. दोन महिन्यांहून जास्त वेळ लागला. दिवाळी उलटून गेल्यावर एका रविवारी पहिला वाजला.

तिन्ही फोडल्यावर परातभर बी निघाले. धुऊन सावलीत वाळवले, मोजताना चारशेपुढे गेल्यावर मुलीने मोजणे सोडले. वर्गातल्या मुलांना वहीच्या कागदाच्या पुड्यांत पाच-पाच बिया दिल्या आणि पुडीवर लिहायला सांगितले: मिरगाला पेरणे, फुले मगरिबला पाहणे. आठ-दहा मुलांच्या घरी वेल झाले. एका मुलाच्या मामांकडे, कर्जतच्या बाजूला, तो आता बांधावर लावतात आणि तिथे छत्रीही लागत नाही, ब्रशही नाही.

हॉर्लिक्सची बाटली पुन्हा भरली आहे. राख नवी घातली.